मोऱ्याच्या मातीतला जीवाणू

रबाळ्याच्या आमच्या लॅबमध्ये मातीतले जीवाणू ओळखणाऱ्या एक मॅडम आहेत. कशावरही त्यांचं पहिलं उत्तर, "बघू हां."

मोरा गावच्या किनाऱ्यावरून आणलेल्या मातीत त्यांना भारतात आधी कुणीच न नोंदवलेला जीवाणू सापडला. लॅबच्या साहेबांनी लगेच पेढे मागवले. मॅडमनी पेढा बाजूला ठेवला. "बघू हां, माती परत आणते," म्हणाल्या आणि भर उन्हात स्वतः गेल्या.

नव्या मातीत तो नव्हता. त्याच टेबलावर आधी तपासलेल्या परदेशी खतात मात्र निघाला.

"सर, तो आपल्या मातीतला नाही, त्या खतातून नमुन्यात मिसळला. चूक माझी," त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. साहेब केबिनमध्ये गेले.

दुपारी मॅडम मला हळूच म्हणाल्या, "चहा तू ओत गं, माझ्याकडून आज सांडेल."