तीन खाती, एक गौरी

ऑफिसात असताना किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. कपाटावर धूळ साचते तसे ते आपोआप साचतात. आता निवृत्तीनंतर सात रस्ता चौकातल्या चहाच्या टपरीवर मित्रांनी नुसतं "काय मग?" म्हणायचा अवकाश, एकेक खाली पडायला लागतो.

मी दिव्यांग मुलांच्या शिक्षणाच्या विभागात कारकून होतो. आमची माणसं चांगली होती, हे आधीच सांगतो. वाईट असती तर कामं अडली असती, किस्से झाले नसते!

*

आमचा विभाग पहिल्या मजल्यावर. लिफ्ट नाही. सीमेवरच्या, दुधनीकडच्या एका खेड्यातून महादेवी नावाची बाई आपल्या गौरीला कडेवर घेऊन आली. गौरी आठ वर्षांची. पायांत बळ नाही, बोलणं सावकाश, डोळे मात्र भिरभिरते. महादेवीचं मागणं एकच: पोरीला गावच्या शाळेत, चार मुलांत बसू द्या.

जिना चढून तिला धाप लागली होती. साहेब कौतुकानं म्हणाले, "बघा, इच्छा असली की माणूस वर येतो!"

"व्हय सायेब," महादेवी म्हणाली. "हापीस खाली आणायची बी इच्छा धरा की!"

*

वाघमारे बाई आमच्या विशेष शिक्षिका. त्यांनी गौरीला गायीचं चित्र दाखवलं. "हे काय आहे?" गौरी गप्प. पुन्हा विचारलं. पुन्हा गप्प. बाई 'ओळखत नाही' असं लिहिणार, तेवढ्यात महादेवीनं घरच्या कानडीत विचारलं.

"आकळु," गौरी म्हणाली. वर सावकाश आणखी बरंच काही बोलली. महादेवीनं पदर तोंडाला लावला.

"काय म्हणाली?"

"म्हणती, एवढ्या मोठ्या बाईला गाय वळखंना व्हय? सारकं मलाच इचारत्यात!"

सगळ्यात जास्त बाईच हसल्या. आणि दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीत आमच्या अक्कलकोटच्या शिपायाकडे कानडीची शिकवणी लावली.

*

गावचे हेडमास्तर कुणाला सरळ 'नाही' म्हणत नसत. ते म्हणाले, "शिक्षण, आरोग्य, समाजकल्याण, तिन्ही खात्यांनी एकत्र येऊन सांगावं. लगेच घेतो." त्यांची सगळी नोकरी सरकारी होती. असं कधी होत नसतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आमच्या साहेबांनी मनावर घेतलं. "समन्वय बैठक लावा!" नेमकं हेच बाकीच्या दोन साहेबांनीही मनावर घेतलं. तिन्ही बैठका एकाच दिवशी, एकाच वेळी, आपापल्या ऑफिसात झाल्या. प्रत्येक खात्यानं इतर दोन खात्यांच्या गैरहजेरीबद्दल खेद व्यक्त केला आणि चहा घेतला.

तिन्ही बैठका यशस्वी!

*

मग खुर्चीचं प्रकरण. तळमजल्यावर आरोग्याचे फिजिओथेरपिस्ट शेख सर. त्यांनी गौरीचं माप मोठ्या मायेनं घेतलं. व्हीलचेअर देणार समाजकल्याणचे येमूल, ते अंगणापलीकडे. माप अलीकडेच राहिलं, खुर्ची पलीकडून निघून गेली. शिबिरात आरोग्यानं एक दिली. आपण मागं नको म्हणून आम्हीही एक दिली. तिन्ही खुर्च्या पैलवानाच्या मापाच्या!

महादेवी आली, पोरगी कडेवरच. म्हणाली, "एकीत आजा बसतुय, एकीत पाण्याचे कॅन, एक दारात पडलीया. तीन गाड्या झाल्या, सायेब. आता हिनं जायचं कुटं, तेवढं सांगा."

 

*

आणि एक दिवस जिना बंद पडला. महादेवी वर आली, तर "आधी खाली शेख सरांना दाखवा." खाली गेली, तर "वरून बाईंना विचारून या." अर्ध्या जिन्यात ती बसली. गौरीला मांडीवर घेतलं, फडकं सोडलं, कडक भाकरी आणि शेंगाचटणी काढली.

"आता मी हलत न्हाय. ज्याला माजी पोरगी बघायची, त्यानं हितं यावं!"

साहेबांना खाली जायचं होतं, येमूलना वर यायचं होतं. वरच्या पायरीवर वाघमारे बाई, खालच्या पायरीवर शेख सर. बसण्याशिवाय इलाज नव्हता. महादेवीनं प्रत्येकाच्या हातावर भाकरीचा तुकडा ठेवला. शेख सरांनी टेपचं एक टोक धरलं, दुसरं येमूलनी.

"अरे," येमूल म्हणाले, "एवढीशीच आहे की ही!"

साहेबांनी तिथूनच हेडमास्तरांना फोन लावला. "तिन्ही खाती एकत्र आली आहेत. हो, आत्ता. जिन्यात."

पलीकडून हेडमास्तरांनी हजेरीपटासाठी गौरीचं पूर्ण नाव विचारलं.

*

जूनमध्ये शाळा सुरू झाली. आम्ही सगळे एकाच जीपमधून बघायला गेलो. गौरी पहिल्या रांगेत, तिच्या मापाच्या खुर्चीत बसलेली. मास्तर गणित सांगत होते, ते आम्हाला बघून थांबले. शेख सर वाकून तिची पावलं नीट ठेवू लागले. येमूल चाकांचे ब्रेक दाबून पाहू लागले. वाघमारे बाईंनी नव्याकोऱ्या कानडीत चौकशी सुरू केली. साहेब फोटोसाठी मधोमध उभे.

गौरी सावकाश काहीतरी बोलायला लागली. आम्ही सगळे तिच्याकडे वाकलो.

"जरा बाजूला व्हा की," ती मराठीत म्हणाली. "फळा दिसंना."