धनीबाईला न आवडलेले सिनेमे

दारव्ह्याला पत्र्याचं थेटर सुरू झालं ते छप्पन साली. पुढच्या सात-आठ वर्षांत तिथं लागलेला एकही सिनेमा धनीबाईला आवडला नाही आणि तिनं एकही चुकवला नाही.

तिचा तांडा गावापासून दोन कोसांवर. वय पन्नाशीचं, नवरा वारलेला, शेत मुलं बघायची. बाजाराच्या दिवशी तूप आणि डिंक विकून झाला की ती तीनच्या खेळाला यायची आणि बायकांच्या बाजूला पहिल्या बाकावर बसायची. माझे यजमान इथल्या शाळेत मास्तर. मला सिनेमाचा नाद, म्हणून मीही त्याच बाकावर. ओळख अशी झाली.

पहिल्याच दिवशी पडद्यावरचा नायक गाणं म्हणत नांगर हाकू लागला. मला फार आवडला होता तो. धनीबाई मोठ्यानं म्हणाली, "पाहा मास्तरीणबाई, उगवल्या वावरात नांगर घालून राह्यला मेला! माह्या पोरानं असं केलं असतं तर मी त्याले भाकर नसती देली."

नायिका कापूस वेचायला आली. "बोटं पाहा तिचे. चार दिवस वेचणी केली तर बोंडाच्या टोकानं कातडं निघते. हिची नखं रंगवलेली."

मग नायकाची आई मरायला टेकली आणि गाऊ लागली. तीन कडवी. सगळ्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. "माही सासू मेली तवा तिले पानी मांगता येत नव्हतं," धनीबाई म्हणाली, "अन् हे गाते!" रडणाऱ्या बायका फिसकन हसल्या.

देवादिकांचा सिनेमा लागला तर तिला देवाच्या पाठीमागची दोरी दिसायची. "आमच्या तांड्यातल्या पोट्ट्या झोका याच्याहून बरा बांधतात." ताटातूट झालेले भाऊ गळ्यातल्या ताइतावरून एकमेकांना ओळखत, तेव्हा ती विचारायची, "काहून? नाकडोये नाही का त्याईले?"

थेटरचे मॅनेजर विठ्ठलराव वैतागले. एकदा मध्यंतरात ते आमच्या बाकापाशी आले. "बाई, लोक इथी रडाले येतात. तुमी हासवून राह्यल्या."

"मग रडवा ना बाप्पा. मी कुठं नाही म्हन्तो?"

विठ्ठलराव दाराकडे वळले. ते स्वतः कधी सिनेमा बघत नसत. बाहेर खुर्ची टाकून बसत, आणि आतून शिट्ट्या आल्या की सिनेमा चांगला, असं समजत.

साठ साली बंजाऱ्यांवरचा एक सिनेमा आला. दारावर रंगीत पाटी लागली. तीवर घागरा फिरवणारी गोरीपान बाई. विठ्ठलराव तांड्यावर जाऊन तिथले प्रमुख खेमसिंग नाईक यांना भेटले. तांड्याच्या बायकांनी बाजाराच्या दिवशी थेटरसमोर नाचावं, म्हणजे गर्दी होईल, अशी त्यांची कल्पना. नाईकांना आपल्या लोकांवर सिनेमा निघाल्याचा अभिमान वाटला. ते हो म्हणाले. धनीबाई म्हणाली, "आधी पाहू, मग नाचू."

तेरा बायका आल्या. ठेवणीतले फेटिये म्हणजे घागरे, आरसे लावलेल्या कांचळ्या, कोपरापर्यंत बांगड्या. मी त्यांच्यातच बसले. सुरुवातीला धनीबाई नेहमीसारखी होती. पडद्यावरच्या बैलाच्या शिंगांना झुरमुळ्या होत्या आणि पाठ रिकामी. "लदेणीचा बैल होय का हा? याच्यावर गोनी कुठं आहे? माहा आजा मीठ लादून न्यायचा, बैलाच्या पाठीवर घट्टे पडायचे." बायका हसल्या. नायिका डोंगरावर नाचली, त्यालाही हसल्या.

मग ती नायिका एका जमीनदाराच्या वाड्यात नाचायला गेली आणि निघताना तिथला हार तिनं घागऱ्यात लपवला. बाहेर तिचा बाप वाट बघत होता. त्यानं हार घेतला, पोरीची पाठ थोपटली. पुरुषांच्या बाजूनं शिट्टी आली. कुणीतरी ओरडलं, "अरे, खिसे सांभाळा, इथीही बसल्या आहेत!" थेटर हसलं.

 चार वर्षांत धनीबाई गप्प बसलेली मी पहिल्यांदाच पाहिली. मग ती उठली. तेराही जणी उठल्या आणि पडद्यासमोरून, चालत्या सिनेमाच्या उजेडातून, सावकाश बाहेर गेल्या. मीही मागोमाग गेले.

बाहेर डफडं घेऊन माणूस तयार होता. विठ्ठलराव खुर्चीवरून उठले. "झालं? मग नाच सुरू करा ना."

"मॅनेजर, हा शिनेमा तुमी पाह्यला?"

"मले कुठं वेळ आहे?"

"बसा. मी सांगतो."

आणि भर बाजारात तिनं त्यांना सगळा सिनेमा सांगितला, बैलाच्या झुरमुळ्यांपासून. बाजारातली माणसं जमली. विठ्ठलराव दोनदा हसले. हारापर्यंत आल्यावर ती थांबली. "तुमच्या सूनबाईचं लुगडं आरसे लावाले माह्याकडे आहे. पावसात तुमी तुमची छत्री, पिशवी माह्याच टोपलीपाशी ठेवता. कधी काही गेलं?"

विठ्ठलराव खाली बघत म्हणाले, "नाही गेलं."

"मग ज्यानं हे बनवलं, त्यानं कधी तांडा तरी पाह्यला का?"

नाच झाला नाही. ही गोष्ट आजूबाजूच्या तांड्यांवर गेली, आणि पुढच्या बाजाराला थेटरात निम्मी बाकं रिकामी राहिली. खेमसिंग नाईक स्वतः विठ्ठलरावांकडे गेले आणि दिलेला शब्द त्यांनी परत घेतला. दोन दिवसांनी पाटी उतरली. सिनेमा ठरल्यापेक्षा लवकर गेला. विठ्ठलराव सगळ्यांना सांगत की सिनेमाच्या रिळांची पेटी दुसऱ्या गावानं मागवली. ते खरं नव्हतं, आणि कुणी मानलंही नाही.

मला वाटलं, आता ही बाई थेटरची पायरी चढणार नाही. नवा सिनेमा लागला त्या बाजाराला ती पहिल्या बाकावर हजर. पडद्यावर डॉक्टर होता. त्याचं प्रेयसीशी भांडण झालेलं, म्हणून आजारी माणसांना तसंच टाकून तो तळ्याकाठी गात बसलेला.

"पाहा," धनीबाई म्हणाली, "तिकडे मानूस मरून राह्यला, अन् याले तळं सुचते."

मध्यंतरात विठ्ठलराव दाराशी आले आणि त्यांनी हळूच विचारलं, "कसा आहे, बाई?"

"फाल्तू," ती म्हणाली आणि पुन्हा पडद्याकडे तोंड करून बसली.