माहेरपणाची पावती

पाय आधी आले होते. दोन्ही. पोटऱ्यांपर्यंत बाहेर, निळे पडलेले. भर दुपार होती. गोठ्यात म्हैस बांधलेली आणि तिच्या पलीकडे पेंढ्यावर यमुना. वय एकोणीस, पहिलंच बाळंतपण. कळा सुरू होऊन दुसरा दिवस उलटत होता आणि मला आत्ता बोलावलं होतं.

मी हात धुवायला पाणी मागितलं. यमुनेची आई चांगुणा हिनं पाच रुपयांची नोट पुढं केली.

"घे बाय. पावती फाड. पन माज्या पोरीला वाचव."

"नोट ठेव. पाणी आण," मी म्हटलं. "काल का नाही बोलावलंस?"

"तू पुस्तकात लिवतेस म्हनून."

खरं होतं. मी लिहीत होते.

मी पंचायतीची सुईण. शिक्षण चौथी, पुढं कल्याणला दाईचं ट्रेनिंग. गाव बदलापूरच्या पलीकडचं. नाव सांगत नाही, त्यातली माणसं अजून आहेत. माझी कामं दोन. बाळंतपण करायचं आणि जन्माची नोंद करायची.

गावात पिण्याच्या पाण्याची विहीर आणि टाकी झाली ती सरकारी कर्जावर. फेड तीस वर्षांची. हप्ता घरपट्टीतून जायचा. दुसऱ्याच वर्षी हप्त्याला पैसे कमी पडले. पंचायतीची मीटिंग भरली. मी दाराशी बसले होते.

सरपंच म्हणाले, "विहीर तीस वर्षं पाणी देणार. मग सगळा भार आपणच का उचलायचा? पुढचे पण उचलतील."

सेक्रेटरी म्हणाला, "गावातली पोरं उचलतील, साहेब. पण माहेरी आलेल्या लेकींची? सव्वा महिन्यानं ती जातात बापाच्या गावाला. न्हायली आपल्या पाण्यानं, घरपट्टी भरणार तिकडं."

"मग जायच्या आधीच घ्या!"

सगळे हसले. हसता हसता ठराव झाला. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत. तर माहेरच्या प्रत्येक बाळंतपणाला पाच रुपये. वसुली सुईणीनं करायची. पावती नाही तर जन्माची नोंद नाही.

"सुईणबाई, सध्या अशा लेकी किती आल्यात गावात?"

मी बोटांवर मोजून सांगितलं, सात. हे सांगायला मला कोणी धाक घातला नव्हता.

पाच रुपये म्हणजे चांगुणासारखीच्या भाजीच्या पाटीची आठवड्याची कमाई. बायका घासाघीस करायच्या, शिव्या द्यायच्या. मी म्हणायचे, मला काय सांगता, सरपंचांना सांगा.

फिनेल, कापूस आणायला मी उल्हासनगरला निर्वासितांच्या कॅम्पात जायचे. तिथं टेकचंद म्हणून सिंधी म्हातारा होता. सिंधमध्ये वकिली करायचा, इथं बराकीच्या तोंडाशी औषधांचं दुकान लावून बसला होता. माझ्या पिशवीतलं पावती-पुस्तक त्यानं बघितलं.

"ये क्या है, माई?"

मी सांगितलं. त्यानं चष्मा कपाळावर चढवला.

"कायदा कौनसा है? ठराव नहीं पूछा मैंने. कायदा."

"सरपंचांनी ठरवलंय."

"नये संविधान में साफ लिखा है, कायदे के बिना टॅक्स नहीं. किसी का नहीं. और जो अभी पेट में है, उसको कर्जे में बिठा दिया? उसका अंगूठा किसने लिया?"

मी दुसऱ्या दिवशी सरपंचांना तेच विचारलं. अंगठ्याचं नाही, कायद्याचं.

"चौथी पास ना तुम्ही?" ते म्हणाले. "कायदा आम्ही बघतो. तुम्ही नाळ कापा. आणि तुमचा पगार पण त्याच घरपट्टीतून निघतो, लक्षात असू द्या."

लक्षात होतं. पुढं चार महिने मी पावत्या फाडत राहिले. यमुना माहेरी आल्याचं कानावर आलं, विचारलं तर चांगुणा म्हणाली, ती सासरी परत गेली. मला सोयीचं होतं, मी खरं मानलं. पोर घरामागच्या गोठ्यात लपवलेली होती.

पायाळू मुलाचं डोकं शेवटी येतं आणि तिथंच अडतं. ओढायचं नसतं. त्या दुपारी गोठ्यात मी मान धरून, अंग वर उचलून हळूहळू डोकं सोडवलं. मुलगी होती. रडेना. चोळली, उलटी धरली, मग रडली. पण वार तुटून आली. वार म्हणजे पोटात मूल जिच्यावर पोसतं ती. तिचा तुकडा आत राहिला की रक्त थांबत नाही. आदल्या दिवशी गेले असते तर पाय दिसायच्या आधीच गाडी जुंपायला लावली असती.

आता जुंपली. डॉक्टर बदलापूरला. वाटेत यमुना शुद्धीवर होती.

"बाय, पावती फाडली ना? पोरीचं नाव लागंल ना?"

"लागेल."

रेल्वेचं फाटक दिसायच्या आत ती गेली.

संध्याकाळी मी मुलीची नोंद केली, पावतीशिवाय, आणि पुस्तक सरपंचांच्या टेबलावर ठेवलं. सेक्रेटरी म्हणाला, "आजची पावती राहिली."

"तुम्ही फाडा," मी म्हटलं. "चांगुणाच्या गोठ्यात जाऊन."

टेकचंदनं कलेक्टरांना अर्ज लिहिला, खाली सही माझी. वरून उत्तर यायला पावसाळा गेला. या वसुलीला कायद्याचा आधार नाही, बंद करा, पैसे परत करा. सरपंच म्हणाले, परत कुठून करू, ते हप्त्यात गेले. मग पुढच्या वर्षी घरपट्टी वाढवली आणि त्यातून परत केले. म्हणजे ज्यांचे होते त्यांच्याच खिशातून. माझं काम सुटलं. मी अंबरनाथला कारखान्यांच्या चाळींत बाळंतपणं करू लागले.

यमुनेच्या नवऱ्यानं वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं. मुलीला न्यायला कोणी आलं नाही. ती आजीपाशीच वाढली, त्याच विहिरीचं पाणी भरत. चांगुणामागं घर तिच्या नावावर झालं. गाव सोडून जाईल म्हणून जिच्याकडून आधीच घ्यायचे होते, तिनं कर्ज फिटेपर्यंत तिथंच घरपट्टी भरली.

प्रश्न बरोबर विचारला म्हणून भागत नाही. उत्तर येईपर्यंत हात थांबवावा लागतो. मी थांबवला नाही.

यमुना वारली. मुलगी जगली.