भारताची पाच मिनिटं

२००४ साली ओहायोतल्या आमच्या डब्लिन गावात आंतरराष्ट्रीय गाण्याची स्पर्धा ठेवली होती. एका देशाचं एकच गाणं, वेळ सगळं धरून पाच मिनिटं. आयर्लंड, पोलंड, कोरियावाल्यांनी आपापला गाणारा निवडला आणि ते तालमीला लागले. भारतानं समिती नेमली.

समितीत आम्ही नऊ जण, सगळे सॉफ्टवेअरवाले, त्यामुळे गाण्यातलं प्रत्येकालाच कळत होतं! तमिळ काकांना तमिळ गाणं हवं होतं, दिल्लीवाल्याला ढोल हवा होता, आणि आमच्या नागपूरकर मित्राला काहीही चालणार होतं, फक्त या दोघांचं सोडून. शेवटी राष्ट्रीय एकात्मतेसाठी तराणा ठरला. त्यात कुठल्याच भाषेचे शब्द नसतात, म्हणून कुणाची तक्रार नव्हती.

गाणार होती माझी बायको. पुण्यात ती गाणं शिकवायची. लग्न करून इथं आली आणि डिपेंडंट व्हिसावर घरी बसली. नोकरीची परवानगी नाही, आणि बँकेत, दवाखान्यात, कुठल्याही फॉर्मवर आधी माझं नाव. अडीच वर्षांत तिला कुणी 'गाशील का' म्हणून विचारलं ते हे पहिल्यांदाच. दोन महिने ती रोज सकाळी इलेक्ट्रॉनिक तानपुरा लावून बसायची.

"साडेतीन मिनिटांत चोख बसवलाय," ती म्हणायची. "एकदा तरी इथल्या लोकांना कळू दे, मी कोण आहे ते."

म्हणजे दीड मिनिट शिल्लक. रिकामा वेळ दिसला की आपल्या लोकांचे हात शिवशिवतात. दीपप्रज्वलनाशिवाय कार्यक्रम? छे, छे! आणि निवेदनाशिवाय गाणं? मग लोकांना कळणार कसं, की आता गाणं आहे? निवेदन अर्थातच माझ्याकडे आलं, कारण कॉलेजात मला वक्तृत्वाचं बक्षीस होतं. ज्यांनी दिलं त्यांना काय माहीत, ते कुणाला भोवणार आहे!

"दोन वाक्यं बोल हं फक्त," बायको म्हणाली.

"अगं, दोनच!"

स्पर्धा शनिवारी दुपारी होती. हॉलमध्ये ज्योत लावायला बंदी, म्हणून समितीनं बॅटरीवरची समई आणली होती. तमिळ काकूंनी बटण दाबलं, पेटेना. पुन्हा दाबलं. मग तीन इंजिनिअर स्टेजवर चढले आणि त्यांनी सेल उलटे घातल्याचा शोध लावला. समई लागेपर्यंत सव्वा मिनिट गेलं. मग मी माइक धरला. वेद झाले, शून्य झालं, विविधतेत एकता झाली. मध्येच टाळ्या पडल्या, आणि टाळ्या पडल्या की मला आवरत नाही. समितीच्या नऊच्या नऊ जणांचे आभार मानून टाकले, पदांसकट. बायको डोळे मोठे करून माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, कौतुकानं बघतेय.

मग तिनं षड्ज लावला. सगळा हॉल चिडीचूप झाला. खरं सांगतो, असा आवाज मी घरातही ऐकला नव्हता. ती पंचमाला पोचते न पोचते तोच लाल दिवा लागला आणि माइक बंद झाला. "थँक यू, इंडिया!" तिच्या वाट्याला जेमतेम चाळीस सेकंद आले होते.

आयर्लंडची सातवीतली मुलगी आली, नुसतं गाणं म्हणून गेली आणि पहिली आली. ना दिवा, ना आभार. काही वळणच नाही या लोकांना! आमची मंडळी मात्र खूश होती. "काय बोललास यार!" म्हणत नागपूरकरानं मला मिठी मारली. बायको एकटीच तानपुरा पिशवीत भरत होती.

निघताना परीक्षकांनी प्रत्येक देशाला शेऱ्याचा कागद दिला. देश, भारत. कलाकार, खाली माझं नाव. शेरा: 'उत्तम वक्ते. शेवटी साथ करणाऱ्या बाईंचा आवाज गोड आहे.'

तिनं तो दोनदा वाचला.

"अगं, चूक झालीय त्यांची," मी म्हणालो.

"स्पर्धेचा फॉर्म कुणी भरला होता?"

मीच. आणि सवयीनं पहिल्या ओळीत माझं नाव टाकलं होतं.

"इथंही तूच," ती म्हणाली आणि कागद माझ्या हातात देऊन गाडीत मागच्या सीटवर जाऊन बसली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाच हजार वर्षांच्या संस्कृतीवर अखंड बोलणारा मी, 'माझं चुकलं' म्हणायला घरापर्यंत तोंड उघडू शकलो नाही.