मास्तरांच्या देवळात टाइल्सचाचा

टाइल्सचाचा उभ्याने कधी कामाचं बोलले नाहीत. सलाम-दुवा उभ्याने व्हायची, पण विषय जरा गंभीर झाला की त्यांची नजर बूड टेकायला जागा शोधू लागायची. टाइल्सचं खोकं, सिमेंटची गोणी, पिकअपचा मागचा फाळका, त्यांना काहीही चालायचं. स्वतः टेकायचे आणि समोरच्याला म्हणायचे, "बस आधी." समोर मजूर असो, कंपनीचा मॅनेजर असो की ओमानी पोलीस असो, त्याला बसावंच लागायचं.

मूळचे रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे. ओमानमधल्या सहम गावी मेन रोडवर त्यांचं टाइल्सचं दुकान होतं. कागदोपत्री दुकान अर्बाबचं, म्हणजे ओमानी मालकाचं, पण गिऱ्हाईक ओळखायचं ते चाचांना. त्यांचं खरं आडनाव अर्ध्या सहमला माहीत नसेल. मी मस्कतला बौशरमध्ये राहतो, बांधकामावर इंजिनियर आहे आणि माझा आवाज मोठा आहे. हे शेवटचं आधीच सांगून टाकतो, कारण पुढे त्याचाच सगळा घोळ आहे. तिसऱ्या मजल्यावरून मी हाक मारली की तळातल्या पार्किंगमधला माणूस हातातलं काम टाकून वर बघतो.

आमची ओळखही माझ्या ओरडण्यातूनच झाली. सहमच्या एका व्हिलाच्या दिवाणखान्यात चाचांनी पाठवलेल्या निम्म्या टाइल्स पांढऱ्या निघाल्या आणि निम्म्या पिवळट. मी दोन तास गाडी हाणत गेलो आणि दुकानाच्या दारातूनच सुरू झालो. चाचांनी मला पुरतं ओरडू दिलं. मग शांतपणे म्हणाले, "झाला? आता बस." पुढ्यात चहा आला. चाचांनी दोन खोकी ओढून त्यांच्यावरचे नंबर ताडून पाहिले आणि म्हणाले, "चूक माझी हाय. दोन वेगळ्या लॉटचा माल गेला. उद्या बदलून देतो, यल्ला, चल, चहा पी." चूक इतक्या सरळपणे कबूल करणारा दुकानदार मी तोवर पाहिला नव्हता. माझ्याकडे अजून बरंच ओरडणं शिल्लक होतं, ते चहाबरोबर गिळावं लागलं. दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत माल आला.

त्यांची दुसरी खोड म्हणजे चपला काढणं. नव्या बसवलेल्या फरशीवर ते चपला घालून कधी गेले नाहीत. घर परक्याचं असो, काम अर्धवट असो, बाहेर पारा पंचेचाळीसवर असो, चपला दाराशीच. माझे सुपरवायझर हसायचे. चाचा म्हणायचे, "लादी बसवणारा दिवसभर गुडघ्यावर असतो रे. आपण दोन मिनिटं अनवाणी चाललो तर काय झाला?" मग वाकून बोटाच्या पेराने टाइलवर टकटक करायचे आणि खाली पोकळ राहिलेली टाइल नेमकी दाखवायचे. हे बघून मात्र सुपरवायझरांचं हसू थांबायचं.

वर्षातून दोनदा चाचा माल घ्यायला चीनला जायचे. माझी मुलगी श्रावस्ती नानजिंगला डॉक्टरकी शिकायला गेली, तेव्हा त्यांनी आपण होऊन सांगितलं, "पोरीला काय पाठवायचा असेल तर दे." त्यांचा टाइल्सचा बाजार पार दक्षिणेला आणि नानजिंग कुठल्या कुठे. तरी प्रत्येक खेपेला वाट वाकडी करून ते तिला भाजणी, चिवडा आणि शेंगदाण्याची चटणी पोचवून यायचे. परत आल्यावर मला अहवाल मिळायचा: "बारीक झालेय. पण हसते." एकदा अहवालात नुसतंच "बारीक झालेय" होतं. मी त्याकडे लक्ष दिलं नाही.

लक्ष न देण्याचं कारण असं की मी तेव्हा हवेत होतो. फेब्रुवारीत श्रावस्तीने फोन करून सांगितलं होतं की सगळे विषय सुटले. आमच्या अख्ख्या खानदानात डॉक्टर होणारी ती पहिलीच. मी ऑफिसात पेढे वाटले. एप्रिलमध्ये आमच्या लोकांनी इथे जयंती साजरी केली, त्या कार्यक्रमात मी माइक हातात घेऊन तिचं नाव सांगितलं आणि दोनशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. बायकोने त्याचा व्हिडिओ काढून तिला पाठवला.

डिसेंबरमध्ये कॉलेजची मेल आली. दोन विषयांत फेब्रुवारीत नापास, फेरपरीक्षेतही नापास, वर्ष पुन्हा करावं लागेल. मी लगेच फोन लावला आणि माझ्या पद्धतीने बोललो. काय काय बोललो ते इथे लिहिणार नाही. त्यानंतर तिचा फोन बंद झाला तो झालाच. हॉस्टेलवर विचारलं तर खोलीला कुलूप. पहिला दिवस रागात गेला. दुसऱ्या दिवशी राग ओसरला आणि भीती सुरू झाली. आजकाल पेपरात काय काय वाचायला मिळतं ते सगळं एकाच वेळी डोळ्यांपुढे येत होतं. चीनच्या व्हिसासाठी मी माझा पासपोर्ट दिला होता. बायको माझ्याशी बोलत नव्हती, फोन मांडीवर घेऊन बसून राहायची. आपलं तोंड आपणच फोडून घ्यावं, असं मला तेव्हा खरोखर वाटत होतं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी चाचा सहमहून थेट बौशरला आले. दारातून आत येत पहिलं वाक्य म्हणाले, "पोरगी बरी हाय." कामाचं वाक्य मी त्यांना उभ्याने बोलताना तेव्हा पहिल्यांदाच ऐकलं. मग सोफ्यावर बसले, आम्हा दोघांना बसवलं आणि फोन पुढे केला. मैत्रिणीच्या फोनवरून आलेला तिचा मेसेज होता: 'चाचा, मी ठीक आहे, मैत्रिणीकडे आहे. पप्पांना सांगू नका. त्यांना तोंड दाखवायची हिंमत नाही.'

"सांगू नका म्हणते ती," चाचा म्हणाले, "पण तिला मी लिवला की बापाला सांगणार म्हणजे सांगणार. मात्र तुझा बाप आवाज चढवणार नाय, हा माझा शब्द. इंजनेर, शब्द मी दिलाय. आता पाळायचा तुला हाय."

बायको ढसाढसा रडली. मग डोळे पुसून, चार दिवसांत पहिल्यांदाच, माझ्याशी बोलली: "तिथे जाऊन ओरडलात तर परत येऊ नका."

चाचांनी मालाची खेप पुढे ढकलली आणि माझ्याबरोबर निघाले. भेटायची जागा श्रावस्तीने ठरवली: कन्फ्यूशियसचं जुनं देऊळ. चाचांना लिहिलं होतं, 'तिथे खूप गर्दी असते. पप्पा ओरडणार नाहीत.' ते वाचून वाईट वाटलं, आणि हसूही आलं, कारण पोरगी मला बरोबर ओळखून होती.

आम्ही तासभर आधीच पोचलो. नदीकाठी लाल कंदिलांची रांग, खाऊच्या दुकानांची झुंबड आणि त्या सगळ्याच्या मधोमध देवळाचं दार. तिकिटं काढली आणि आम्ही दोघेही दारात थबकलो. मी बौद्ध, देवापुढे हात जोडायचे नाहीत हे लहानपणापासून अंगात भिनलेलं. चाचा पाच वक्ताचे नमाजी. दोघांनाही आत जायचं होतं आणि दोघांनाही प्रश्न एकच होता. चाचांनी फोनवरचं भाषांतराचं यंत्र काढलं आणि दारावरच्या रखवालदाराला हिंदीतून विचारलं, आत देव आहे का? रखवालदाराने फोन कानाला लावून नीट ऐकलं, हसला आणि काहीतरी बोलला. फोनमधली बाई म्हणाली, देव नाही, शिक्षक आहेत.

"मास्तर हायत!" चाचा खूश झाले. "मग तुलाही अडचण नाय, मलाही नाय. चल."

आत मास्तरांचा उंचच उंच पुतळा होता. आजूबाजूला दोऱ्यांवर हजारो लाल चिठ्ठ्या लटकत होत्या. परीक्षेला बसणारी मुलं आणि त्यांचे आईबाप लिहून टांगतात म्हणे. मी त्या चिठ्ठ्यांकडे बघत राहिलो. सगळ्या जगातले बाप सारखेच येडे, असं मनात आलं.

मोठ्या सभागृहाच्या पायऱ्यांशी येऊन चाचा थांबले, वाकले आणि पेराने दगडावर टकटक केलं. "जुना काम हाय. बघ कसा बसवलाय." असं म्हणत त्यांनी बूट काढले. मी म्हटलं, "चाचा, इथे कुणीच काढलेले नाहीत." ते म्हणाले, "मास्तरासमोर बूट घालून उभा राहशील? शाळेत गेला होतास ना?" मीही काढले. डिसेंबरची थंडी दगडातून थेट हाडांत शिरली. माझ्या डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. आतून एक रखवालदारीण धावत आली आणि आमच्या पायांकडे बोट दाखवून जोरजोरात काही सांगू लागली. चाचांना वाटलं मोजेही काढायला सांगतेय, म्हणून ते एका पायावर उभे राहून मोजा ओढू लागले. ती आणखीच घाबरली. चाचांना चिनी येतं ते सगळं भाव करायचं, त्यामुळे ते तिला "फार महाग, फार महाग" असं काहीतरी सांगत होते. मी दोन्ही हातांत चार बूट धरून मध्ये उभा.

"पप्पा, इथे बूट काढत नाहीत."

मागे वळलो तर श्रावस्ती. गळ्यापर्यंत बंद केलेला जाड कोट, उतरलेला चेहरा आणि नजर माझ्या अंगठ्यावर. तिने हसू दाबायचा प्रयत्न केला, तो जमला नाही. खो खो हसली आणि हसता हसता तिथेच रडायला लागली. विमानात साडेसात तास घोकलेलं माझं भाषण कुठे गेलं कोण जाणे. बूट खाली टाकले आणि तिला मिठीत घेतलं. तिच्या केसांना परक्या शाम्पूचा वास येत होता. जिवंत होती, धडधाकट होती, माझ्या हातात होती. आयुष्यात इतकं सुटल्यासारखं मला कधी वाटलं नव्हतं.

"बसा आधी," चाचा म्हणाले.

आम्ही तिघे पायऱ्यांच्या कडेला बसलो. ती म्हणाली, "आय ॲम सॉरी पप्पा. मला ॲक्च्युअली फेब्रुवारीतच सांगायचं होतं." फेब्रुवारी ऐकलं आणि माझ्या घशात आवाज चढला. चाचांचा हात माझ्या गुडघ्यावर आला आणि त्यांनी तो करकचून दाबला. मी आवाज गिळला. ती पुढे म्हणाली, "मग तुम्ही माइकवर सांगितलंत. ममाने व्हिडिओ पाठवला. इतके लोक क्लॅप करत होते, पप्पा. त्याच्यानंतर मी कसं सांगणार?"

"माझं चुकलं," म्हणालो. चाचा टाइल्सबद्दल जितक्या सहज म्हणाले होते तितक्या सहज मला म्हणता आलं नाही, पण म्हणालो. पुढे ती बराच वेळ बोलत होती आणि मी, माझ्या आठवणीत पहिल्यांदाच, मध्ये न बोलता ऐकत होतो.

मग तिने आम्हाला जवळचंच परीक्षेचं संग्रहालय दाखवलं. जुन्या काळी मुलखातले हजारो विद्यार्थी इथे येऊन कोंबड्याच्या खुराड्याएवढ्या खोल्यांत दिवसेंदिवस पेपर लिहायचे. पास झालेल्यांची नावं ठिकठिकाणी होती. चाचांनी कमरेवर हात ठेवून सगळं पाहिलं आणि विचारलं, "आणि नापास झालेले? त्यांचा काय झाला?"

"तीन वर्षांनी परत यायचे, चाचा. काही जण तर एकदम म्हातारे होईपर्यंत."

"म्हातारे होईपर्यंत!" चाचा माझ्याकडे वळले. "आणि तू एका वर्षासाठी माझ्या गुडघ्यांना एवढ्या थंडीत आणलास!"

दुपारी हलाल पाटी असलेल्या एका चिनी मुसलमानाच्या दुकानात आम्ही शेवयांचे वाडगे ओरपले. श्रावस्तीने दोन संपवले. चाचांनी तिथूनच माझ्या बायकोला व्हिडिओ कॉल लावून ते रिकामे वाडगे दाखवले.

श्रावस्तीने वर्ष पुन्हा केलं, कोर्स पुरा केला आणि ती पुण्याला मावशीकडे गेली. परदेशात शिकलेल्या डॉक्टरांना भारतात आणखी एक परीक्षा द्यावी लागते, तिच्या तयारीला लागली. इकडे चाचांचे गुडघे अगदीच कामातून गेले. त्यांनी दुकान पुतण्याच्या हाती दिलं आणि कायमचं गावी जायचं ठरवलं.

त्यांना सोडायला मी मस्कतच्या विमानतळावर गेलो. पुतण्या सामानाच्या रांगेत होता, आम्ही काचेच्या दाराशी. चाचांचा व्हिसा रद्द झाला होता, आता परत येणं नव्हतं. बोलायला काहीतरी हवं म्हणून सांगितलं, "चाचा, श्रावस्तीचा निकाल लागला सकाळी. परत नापास. थोडक्यात गेली."

चाचांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "तुला कुणी सांगितला?"

"तिनेच. फोन आला."

"आईला आधी केलान?"

"नाही. मलाच पहिला. निकाल पाहिला आणि दुसऱ्या मिनिटाला लावला. म्हणाली, पप्पा, नापास झाले, आता झोपते, उठल्यावर बोलू."

"आणि तू काय बोललास?"

"म्हटलं, झोप."

चाचांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. "मग खलास," ते म्हणाले. "तू झालास की रे पास." आणि पुतण्याने हाक मारली तसे पासपोर्ट काढत आत गेले.