बॅटरीपासून वीतभर

धमककाका भित्रे होते. ही गोष्ट कोणी त्यांच्या पाठीमागे कुजबुजत नसे, सरळ तोंडावर बोलत, आणि त्यात काकू सगळ्यात पुढे. घराबाहेर पडलं की काका गॅसचं बटण बघायला परत फिरायचे, मग कुलूप ओढून बघायला परत. "विचारा हो, विचारा त्या कुलपाला, नीट लागलंयस ना म्हणून," असं म्हणत काकू रस्त्यातच ठाण मांडायच्या. काका निमूटपणे कुलूप ओढून यायचे. चिडायलाही ते थोडे घाबरतच.

नाव मात्र धमक. ते धंद्यावरून पडलं होतं. घराला लागून पत्र्याची शेड होती, तिथे ते गाड्यांमध्ये म्युझिक सिस्टिम बसवून द्यायचे. त्यांच्याकडे येणारी गिऱ्हाइकं म्हणजे जुन्या, छोट्या गाड्यांची. गाण्यातला बेस छातीत धपधपला पाहिजे ही हौस दांडगी, पण खिसा साथ देत नाही, अशी मंडळी. कोणी मोठा वूफर, म्हणजे बेसचा स्पीकर, बसवा म्हणून आलं की काका आधी गाडीचं दार उघडायचे. दाराच्या आतल्या पत्र्याला मोठाली भोकं असतात. स्पीकरच्या पुढचा आवाज आणि मागचा आवाज त्यातून एकमेकांत घुसतात आणि बेस तिथल्या तिथे मरतो. काका त्या भोकांवर जाड चिकट शीट लावायचे, खडखडणारे स्क्रू आवळायचे, एखाद्या स्पीकरचे प्लस-मायनस उलटे जोडलेत का ते बघायचे. निम्म्या लोकांचं काम एवढ्यावरच भागायचं. "वूफर राहू द्या आता, तेवढ्यात टायर बदला. पार गुळगुळीत झालेत, मला बघून भीती वाटते," असं सांगून ते गिऱ्हाईक परत पाठवायचे. अशाने माणूस श्रीमंत होत नाही, आणि काका झालेही नव्हते.

त्यांची खरी भीती होती तारेची. उमेदवारीच्या काळात त्यांनी भर रस्त्यात एक गाडी जळताना पाहिली होती. आत कोणी नव्हतं, पण वितळून गेलेली सीट त्यांनी पाहिली आणि ती डोळ्यांसमोरून कधी हललीच नाही. अ‍ॅम्प्लिफायरची जाड तार थेट बॅटरीवरून येते. इंजिन बंद असो, गाणं बंद असो, तिच्यात वीज असतेच. इंजिन आणि माणसं यांच्यामधल्या पत्र्याच्या भोकातून ती आत शिरते, आणि त्या पत्र्याची कड सुरीसारखी असते. म्हणून भोकात रबराची रिंग हवी, आणि बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज हवा, म्हणजे तार कुठे घासून पत्र्याला लागलीच तर फ्यूज उडेल आणि आग लागणार नाही. या दोन गोष्टींशिवाय काकांच्या शेडमधून गाडी बाहेर पडली नव्हती. गिऱ्हाईक घाई करू लागलं की काका म्हणायचे, "बाकी सगळं चुकलं तर आवाज जाईल. हे चुकलं तर माणूस जाईल. थांबा जरा."

जावयाला मात्र त्यांना थांबा म्हणता आलं नाही.

जावई काही वाईट माणूस नव्हता. कमी बोलायचा, एवढंच. लग्नाला काही वर्षं झाली होती, नात बोलायला लागली होती, तरी सासऱ्याच्या कामाबद्दल त्याच्या तोंडून बरा की वाईट शब्द निघाला नव्हता. जेवताना तो मान खाली घालून जेवला की काकांना वाटायचं, भाजी बिघडली असणार. आता त्याने जुनी गाडी घेतली होती आणि लेकीने फोन करून सांगितलं होतं, "बाबा, यांना बेस हवाय हो, पण खर्च जास्त नको. यांच्या गावी जायचंय, जाताना तुमच्याकडे येतो."

तिघं मुक्कामाला आली आणि काकांनी जीव ओतून काम केलं. दारांची भोकं बंद केली, उरलेल्या प्लायचं खोकं बनवलं, दुसऱ्या गाडीतून निघालेला छोटा वूफर त्यात बसवला, त्याला अ‍ॅम्प्लिफायर जोडला, खोकं डिकीत मागे तोंड करून ठेवलं. सकाळी निघायच्या वेळेला फक्त बॅटरीची जोडणी राहिली होती. आणि फ्यूजचा होल्डर बसवताना त्याचं प्लास्टिक तडकलं. नाक्यावरचं दुकान अजून उघडायचं होतं. सामान भरून झालेलं, नात मागच्या सीटवर जाऊन बसलेली, जावई किल्ली हातात घेऊन उभा.

"बाबा, एकदा वाजवून तर बघू," तो म्हणाला.

ऐकण्यापुरतंच तर आहे, काकांनी मनाशी म्हटलं. दुकान उघडलं की होल्डर आणू, तोवर तार काढून ठेवू. तार परत ओढायचीच होती, म्हणून रिंगही घातली नाही. भोकातून तार नुसती सरकवली आणि थेट बॅटरीला जोडली.

गाणं लागलं, आणि बेस कानात आलाच नाही, तो पोटात आला. नातीने सीटवर हात ठेवला आणि खुदकन हसली. जावई डोळे मिटून बसून राहिला. मग खाली उतरला आणि त्याने चक्क काकांचा हात हातात घेतला. "मानलं बाबा तुम्हाला. एवढ्याशा खर्चात असा आवाज? माझ्या ऑफिसातल्यांना खोटं वाटेल."

काकांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. काहीतरी करायचं म्हणून त्यांनी बॉनेट लावून टाकलं. काकूंनी आतून हाक मारली, पोरीची पाण्याची बाटली राहिली म्हणून. काकांनी ती धावत जाऊन आणून दिली, नातीचा गालगुच्चा घेतला, हात हलवला. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तरी धपधप ऐकू येत होती आणि काका रस्त्यात उभे राहून ती ऐकत होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कशाचीच भीती वाटत नव्हती.

मग ते शेडमध्ये आले. टेबलावर तडकलेला होल्डर होता आणि त्याच्या शेजारी रबराची रिंग.

त्यांनी टेबल धरलं. ती तार कशी गेली आहे ते त्यांना न बघताही दिसत होतं. पत्र्याच्या कडेवरून, गालिच्याखालून, थेट मागच्या सीटखालून. त्या सीटवर नात बसली होती. इंजिन हलणार, पत्रा हलणार, कड तारेवर घासत राहणार. त्यांनी लेकीला फोन लावला. वाजत राहिला. जावयाला लावला. वाजत राहिला. दोघं फोन का उचलत नाहीत हे या जगात फक्त त्यांनाच ठाऊक होतं. त्यांनीच दिलेल्या आवाजात कोणालाच काही ऐकू येत नव्हतं.

"अगं," त्यांनी हाक मारली. "तार तशीच राहिली. रिंग नाही, फ्यूज नाही."

एरवी काकूंनी टोमणा मारला असता. पण इतक्या वर्षांत फ्यूज आणि रिंग त्यांच्याही कानात मुरली होती. त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं, गॅस बंद केला आणि चपला घातल्या. "घाटाच्या अलीकडे पेट्रोल भरणार म्हणत होती लेक. चला."

पेट्रोल हा शब्द ऐकून काकांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी पाना खिशात टाकला आणि स्कूटर काढली. ही स्कूटर सायकलवाल्यांना वाट देत जायची. त्या दिवशी मात्र ती ट्रकच्या कडेने गेली, खड्ड्यातून गेली, आणि मागे काकू एका हाताने नवऱ्याचा शर्ट धरून दुसऱ्या हाताने फोन लावत राहिल्या. कुलूप लावलं की नाही हे दोघांनाही आठवत नव्हतं. एका वळणापलीकडे काळा धूर दिसला. काकांचा हात ब्रेकवर गेला. पुढे जाऊन बघायची हिंमत होईना आणि थांबायचीही होईना. "जा पुढे," काकू म्हणाल्या, पण त्यांचाही आवाज फाटला होता. शेताच्या बांधावर कोणीतरी पाचोळा पेटवला होता. काका तसेच पुढे निघाले. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

पंप दिसायच्या आधी धपधप ऐकू आली. जिवंत आहेत, एवढंच काकांना कळलं.

गाडी पंपावर रांगेत उभी होती. लेक पुढे बसलेली, नात मागे पेंगत होती, आणि जावई पंपावरच्या माणसाला डिकी उघडून खोकं दाखवत होता. सासू-सासऱ्यांना पाहून तो हसायला लागला. काकांनी स्कूटर तशीच आडवी टाकली, दार उघडून नातीला उचललं आणि काकूंच्या हातात दिलं. "लांब जा. पोरी, तूही उतर." मग जावयाकडे वळले. "गाणं बंद करा. गाडी चालू करू नका. ढकला."

"बाबा, पण झालंय काय?"

"ढकला म्हणतो ना," काका म्हणाले. या माणसाशी ते या सुरात कधीच बोलले नव्हते.

जावयाने मुकाट्याने ढकलली. पंपावरच्या माणसाने हात लावला. गाडी पार भिंतीपाशी नेल्यावरच काकांनी बॉनेट उघडलं. पंपाजवळ तार सोडवताना ठिणगी उडाली असती तर काय, हा हिशोब त्यांनी वाटेतच केला होता. त्यांनी पाना नटवर बसवून जोर लावला. अखेर नट सैल झाला. टिकलीएवढी ठिणगी उडाली आणि तार सुटली. काकांनी ती भोकातून बाहेर ओढली. तारेवरचं आवरण एका बाजूने पार कापलं गेलं होतं आणि आतलं तांबं लखलखत होतं.

त्यांनी ती जागा जावयाला दाखवली. काहीही सांगता आलं असतं. पण ते म्हणाले, "मी विसरलो. फ्यूज न लावता तार जोडली आणि तशीच ठेवली. तुम्ही मला चांगलं म्हणालात, आणि मी विसरून गेलो." मग जरा थांबून म्हणाले, "अजून थोडं अंतर गेला असतात तर ही पोरीच्या सीटखाली पेटली असती."

जावयाने त्या तांब्यावरून बोट फिरवलं. मागे वळून काकूंच्या खांद्यावर झोपलेल्या पोरीकडे पाहिलं. तो भिंतीच्या कट्ट्यावर खाली बसला. त्याच्या गुडघ्यांवर ठेवलेले हात हलत होते. त्याने ते एकमेकांत घट्ट धरले, तरी थांबेनात. आता बोलणी खायची, अशी काकांनी तयारी केली.

"बाबा," त्याने विचारलं, "तुम्हाला रोज असं वाटतं?"

"रोज," काका म्हणाले.

जावई कट्ट्यावर थोडा बाजूला सरकला, आणि काका त्याच्या शेजारी जाऊन बसले.