हळू

आमचे हे गाडीत माझ्या शेजारी बसून ब्रेक मारतात. त्या बाजूला ब्रेक नसतो, हे मी किती वर्षं सांगतेय, पण त्यांचा पाय काही ऐकत नाही. त्यांच्या पायाखालच्या रबरी मॅटला भोक पडलंय. माझ्या बाजूची मॅट अजून कोरी आहे. आणि तोंडाने अखंड ‘हळू’. म्हैस दिसली, हळू. म्हैस लांब कुणाच्या तरी शेतात निवांत बसलेली असली, तरी हळू.

गेल्या दिवाळीत सुरगाण्याहून घाटातून येताना मी मोजलं. त्रेचाळीस वेळा! मी सातपूरला एका कारखान्यात हातात स्टॉपवॉच घेऊन उभी असते. कुठल्या कामाला किती सेकंद लागतात आणि त्यातले फुकट किती जातात, ते शोधण्याचा मला पगार मिळतो. त्यामुळे मोजायची खोड आहे. घरी येऊन मी चपला काढायच्या आधीच भडकले.

“तुमच्यामुळे मला धड गाडी चालवता येत नाही.”

“माझ्यामुळे तू धड आहेस,” हे म्हणाले.

झालं. त्याच आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला, की शहराबाहेरच्या ट्रॅकवर रविवारी कुणीही आपली रोजची गाडी आणून पळवू शकतं, फेरीची वेळ मोजून मिळेल. मी तिथल्या तिथे पैज लावली. यांना शेजारी बसवून एक फेरी दोन मिनिटांच्या आत मारायची. जमलं, तर यांनी जन्मात पुन्हा ‘हळू’ म्हणायचं नाही. नाही जमलं, तर यापुढे प्रत्येक प्रवासात स्टिअरिंग यांच्याकडे आणि मी त्या भोकाच्या मॅटवर. हे चालवतात तेव्हा सायकलवाले हात दाखवून पुढे जातात. म्हणजे माझ्यासाठी जन्मठेपच की ती!

रविवारी हे स्कूटरचं हेल्मेट घालून, मांडीवर पोळीभाजीचा डबा घेऊन बसले. हेल्मेटमधून यांचा आवाज माठातून आल्यासारखा येत होता. सुरुवातीला तिथल्या सरांनी सगळ्यांना समजावलं, “प्रत्येक वळणाआधी एक खूण ठरवा. ब्रेक तिथेच. आधी नाही, नंतर नाही.” चार फेऱ्या मिळणार होत्या.

पहिली फेरी, दोन मिनिटं चोवीस सेकंद. मी गाडी थांबवली तसे सर खिडकीशी आले.

“मॅडम, मागे कुणी नाही, पुढे कुणी नाही. इंडिकेटर कुणाला दाखवताय?”

“चांगली सवय आहे तिची,” माठातून आवाज आला.

“आणि हॉर्न?”

वळणावर हॉर्न वाजवायचा नाही तर कुठे वाजवायचा? पण वेळ वाया जातो हे मला पटलं. दुसऱ्या फेरीत दोन्ही बंद केलं. दोन मिनिटं तेरा. मग लक्षात आलं, तिसऱ्या वळणाला कुंपणापलीकडे शेंदूर लावलेला एक दगड होता आणि मी दोन्ही फेऱ्यांत एक हात सोडून नमस्कार केला होता. तिसऱ्या फेरीत मी मोठ्याने म्हटलं, “देवा, परत जाताना चालत येते!” दोन मिनिटं आठ.

उरली एक फेरी आणि आठ सेकंद. खूण ठरवायची म्हणे! दोन्हीकडे नुसते काळे टायर रचलेले, सगळी वळणं मला सारखीच. चिडून मी यांच्याकडे बघितलं. हे डबा घट्ट धरून बसले होते. आणि एकदम डोक्यात उजेड पडला. तिन्ही फेऱ्यांत यांचं ‘हळू’ अगदी त्याच त्या जागी आलं होतं. प्रत्येक वळणाआधी, फूटभर इकडेतिकडे नाही. कारखान्यात इतका नेमका माणूस मला आजवर भेटलेला नाही. आणि ते कानावर पडलं, की मी चडफडत लगेच ब्रेक मारत होते. फारच लवकर.

चौथ्या फेरीत हे म्हणाले, “हळू!” मी मनात म्हटलं, एक, दोन, आणि मग ब्रेक. पुढच्या वळणालाही तेच. हळू, एक, दोन, ब्रेक. सहाही वळणं. हे बिचारे जीव तोडून ओरडत होते, डबा उघडून भाजी यांच्या शर्टावर सांडली होती, आणि मला पहिल्यांदाच वाटत होतं, म्हणा हो, अजून म्हणा!

एक मिनिट अठ्ठावन्न.

मी गाडीतून उतरून नाचले. मग त्या दगडापर्यंत चालत जाऊन नमस्कारही करून आले. यांनी हेल्मेट काढलं, शर्टावरची भाजी वेचली आणि म्हणाले, “जिंकलीस.” बस्स, एवढंच.

परतताना गाडीत चिडीचूप. म्हशी आल्या, हे गप्प. ट्रक आडवा घुसला, हे गप्प. पाय मात्र मॅटच्या भोकावर तसाच दाबलेला. आणि मला मेलं कळेना, ब्रेक कधी मारायचा! द्वारकेच्या चौकात शिरताना एका रिक्षाच्या इतकी जवळ जाऊन थांबले, की रिक्षावाल्याने मागे वळून माझ्या खानदानाची चौकशी केली. हे खिडकीबाहेर बघत होते. मला एकदम फार एकटं वाटलं. जिंकून आलेल्या बाईला वाटू नये, तितकं.

पुढे सगळ्याच गाड्या अडकल्या. मी इंजिन बंद केलं.

“अहो, म्हणा ना.”

“काय?”

“तेच.”

“पैज आहे.”

“खड्ड्यात गेली पैज.”

यांनी घसा खाकरला. समोर बघत, मन लावून म्हणाले, “हळू.”

गाडी जागेवरच उभी होती. तरी मी ब्रेक दाबला.